रेअर : विरळ, विरळा, क्वचित आणि अर्धकच्चं

भाषांतराची कामं नुकती घ्यायला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. एका नामवंत कलावंताने बऱ्याच वर्षांनी मुलाखत दिली होती आणि इंग्रजी बातमीत तिला ‘रेअर इंटरव्ह्यू’ म्हटलं होतं. मी फारसा विचार न करता ‘दुर्मिळ मुलाखत’ लिहून मोकळा झालो. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी कागद परत पाठवला. समासात एकच प्रश्न होता : ‘ही कुठल्या माळ्यावर सापडली?’

त्यांचं बरोबर होतं. मराठीत दुर्मिळ मुलाखत म्हटलं की डोळ्यांसमोर जुनी ध्वनिफीत येते, कुणाच्या तरी ट्रंकेत जपलेली, सहज हाती न लागणारी. ही मुलाखत तर आदल्याच दिवशी झाली होती आणि कुणालाही बघता येत होती. क्वचित घडणारं काही असेल तर ते त्या माणसाचं बोलणं. शेवटी ‘एरवी मुलाखती टाळणाऱ्या अमुक यांनी’ असं वाक्य फिरवून घेतलं. पण तेव्हापासून या ‘रेअर’ शब्दाचा मला नाद लागला. शाळेत ‘रेअर म्हणजे दुर्मिळ’ असं पाठ केलेलं असतं आणि आपण ते आयुष्यभर पुरवतो. चारातल्या एखाद्या वेळी ते जमतं. बाकीच्या वेळी वाक्य जरा लंगडतं, आणि ते का लंगडतं हे मात्र कळत नाही.

‘दुर्मिळ’ या शब्दाची फोड केली तर मिळायला अवघड ते दुर्मिळ. ‘दुर्लभ’ही तसाच, लाभायला कठीण. म्हणजे या दोन्ही शब्दांत एक हात पुढे केलेला आहे. कुणीतरी ती वस्तू शोधतंय, तिला ती हवी आहे आणि ती मिळत नाही. ‘रेअर’च्या मुळाशी असा हात नाही. तो लॅटिन ‘रारुस’वरून आला आणि ‘रारुस’ म्हणजे पातळ पसरलेलं, मधे मधे जागा सुटलेलं, दाट नसलेलं. सैल विणलेलं कापड, अंतर राखून उभी असलेली झाडं, विखुरलेले सैनिक यांना तो शब्द लागायचा. इंग्रजीतही चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो आला तो या अर्थाने : हवेसारखं विरळ, सच्छिद्र. ‘संख्येने थोडे आणि एकमेकांपासून दूर’ हा अर्थ त्याला पुढच्या शतकात चिकटला, आणि ‘नेहमी न आढळणारं’ हा त्याच्याही मागून.

आता गंमत बघा. आपल्याकडे याचा नेमका जोडीदार आहे आणि त्यानेही हाच प्रवास केलाय. संस्कृत ‘विरल’ म्हणजे अंतराअंतराने असलेलं, दाट नसलेलं. त्याचंच मराठीत ‘विरळ’ झालं. विरळ केस, विरळ वस्ती, विरळ पेरणी. आणि त्याचाच सख्खा भाऊ ‘विरळा’ : ‘असा माणूस विरळाच.’ एक शब्द जागेतलं अंतर सांगतो, दुसरा माणसांच्या गर्दीतलं. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच वाटेने जावं, असं शब्दांच्या बाबतीत फार वेळा होत नाही.

विज्ञानाच्या इंग्रजीत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. उंच पर्वतावरची हवा ‘रेअरिफाइड’ असते, म्हणजे दुर्मिळ नव्हे, विरळ. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश असतो. हवा तिथेही सगळीकडे आहेच, फक्त तिचे रेणू एकमेकांपासून लांब आहेत. ध्वनीच्या धड्यात संपीडन आणि विरलन शिकवतात, त्यातलं विरलन म्हणजे ‘रेअरिफॅक्शन’. पाठ्यपुस्तक करणाऱ्यांनी तिथे ‘दुर्मिळीकरण’ केलं नाही याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. याच विरळ हवेवरून पुढे ‘रेअरिफाइड सर्कल्स’ असा तिरका प्रयोगही निघाला. जिथे सामान्य माणसाला श्वास घेणं जड जाईल अशी उच्चभ्रू मंडळी, असा त्याचा रोख.

हा मूळ अर्थ मनात ठेवला की ‘रेअर’बद्दलचा सगळ्यात उपयोगी प्रश्न आपोआप सुचतो. पसरलेलं म्हटलं की कशात तरी पसरलेलं असणार. तेव्हा एखादी गोष्ट रेअर आहे असं कुणी म्हटलं की विचारावं : कशात? किती जागेत, किती माणसांत, किती वर्षांत?

खग्रास सूर्यग्रहण रेअर आहे का? अख्ख्या पृथ्वीचा हिशेब धरला तर सरासरी दर दीड वर्षाने कुठे ना कुठे ते होतंच. पण तुम्ही एकाच जागी खुर्ची टाकून बसलात, तर त्या जागेवरून पुन्हा खग्रास दिसायला सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात. ग्रहण तेच, सावली तीच. मोजायची चौकट बदलली आणि जवळपास नेहमीची घटना सात-आठ पिढ्यांनाही न लाभणारी झाली. रक्तगटांचंही तसंच. आरएच निगेटिव्ह रक्त युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात साधारण पंधरा जणांचं असतं, पूर्व आशियात मात्र ते एक टक्क्याहूनही कमी लोकांत सापडतं. ‘रेअर ब्लड ग्रुप’ हे विशेषण म्हणूनच त्या रक्ताचा गुण सांगत नाही. आपण कुठल्या लोकसंख्येत उभे आहोत, ते सांगतं.

काळाच्या चौकटीसाठी मराठीने ‘क्वचित’ हा वेगळा शब्द राखून ठेवलाय. तोही मुळात जागेचाच. संस्कृतात ‘क्व’ म्हणजे कुठे, आणि ‘क्वचित्’ म्हणजे कुठेतरी, एखाद्या ठिकाणी. कुठेतरीचं कधीतरी झालं. इंग्रज ज्याला ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणतात त्याला आपण कपिलाषष्ठीचा योग म्हणतो, आणि खरं सांगायचं तर आपला योग जास्त इमानदार आहे. कपिलाषष्ठी साठ वर्षांनी येते असं मानतात. उलट खगोलातला तथाकथित निळा चंद्र, म्हणजे एका महिन्यात आलेली दुसरी पौर्णिमा, दर अडीच-पावणेतीन वर्षांनी उगवतो. इतक्या वेळा तर काही लोक घरचं फर्निचर बदलतात.

एक शेजारी शब्द इथेच बाजूला करू : ‘स्केअर्स’. पाणी टंचाईत ‘स्केअर्स’ होतं, ‘रेअर’ होत नाही. जी गोष्ट एरवी मुबलक असते, लोकांना रोज लागते आणि सध्या पुरेशी नाही, ती स्केअर्स. तिथे आपण टंचाई, तुटवडा, चणचण म्हणतो. उद्या पाऊस पडला की स्केअर्सपणा जातो. रेअर गोष्ट मात्र स्वभावतःच थोडी असते आणि ती थोडी आहे म्हणून कुणाचं अडतंच असं नाही. जगात अत्यंत रेअर असे कितीतरी कीटक आहेत ज्यांची कुणालाच गरज भासलेली नाही.

कीटकांचा विषय निघालाच आहे तर जीवशास्त्रात थोडं थांबू, कारण या शब्दाची सर्वांत स्वच्छ चिरफाड तिथे झाली आहे. डेबोरा रॅबिनोविट्झ या अमेरिकी परिस्थितिकी-अभ्यासक बाईंनी 1981 मध्ये एक साधा प्रश्न घेतला : एखादी जात रेअर आहे असं म्हणतो तेव्हा आपण नेमकं काय म्हणतो? त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. ती जात किती मोठ्या प्रदेशात आढळते? ती अनेक तऱ्हांच्या अधिवासांत जगते, की एखाद्याच ठरावीक जमिनीवर वा पाण्यात? आणि जिथे आहे तिथे तरी भरपूर आहे की थोडीच? प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं धरली तर आठ जोड्या होतात. त्यातली एकच पूर्ण अर्थाने सर्वसामान्य : मोठा प्रदेश, कुठलाही अधिवास, भरपूर संख्या. उरलेल्या सातही जोड्या कुठल्या ना कुठल्या अर्थाने रेअर.

हिमबिबट्या घ्या. मध्य आणि दक्षिण आशियातल्या बारा देशांत त्याचा वावर आहे, म्हणजे प्रदेश प्रचंड. पण कुठेही जा, शेकडो चौरस किलोमीटरांत मोजकेच भेटणार. लॅटिन रारुसचं याहून चांगलं चित्र मिळायचं नाही. आता दुसरं टोक : हवाई बेटांमधल्या माउई बेटावर हालेआकाला नावाचा ज्वालामुखी आहे आणि त्याच्या वरच्या उतारांवर चांदीसारख्या पानांची एक सिल्व्हरस्वर्ड वनस्पती उगवते. त्या उतारांवर ती हजारोंनी आहे. तिथे उभ्या असलेल्या माणसाला ती दुर्मिळ आहे हे पटवून दाखवा! पण तो एक डोंगर सोडला तर पृथ्वीच्या पाठीवर ती नैसर्गिकपणे कुठेही उगवत नाही. इंग्रजीत दोन्ही ‘रेअर’. मराठीत लिहायचं झालं तर मी हिमबिबट्याला ‘विरळ’ म्हणेन आणि सिल्व्हरस्वर्डसाठी ‘फक्त इथेच आढळणारी’ असं सरळ वाक्य लिहीन. एका विशेषणासाठी अडून बसण्यात अर्थ नाही.

या दोघांना धोकाही वेगवेगळा आहे. एका डोंगरावरच्या हजारो झाडांना एकच वणवा पुरतो. रेअर आणि धोक्यात यांची गल्लत टाळायला हवी, ती याचसाठी. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत पूर्वी ‘रेअर’ असा स्वतंत्र वर्गच होता. 1994 मध्ये वर्गवारी नव्याने बांधताना तो गेला आणि नामशेष होण्याची शक्यता किती, यावर भर आला. काही जाती हजारो वर्षं थोड्या संख्येने सुखात नांदतात. उलट उत्तर अमेरिकेतलं प्रवासी कबूतर एके काळी अब्जावधींच्या संख्येत होतं, थवे जाताना आकाश झाकोळायचं. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांनी काही दशकांत त्याचा निकाल लावला. शेवटची मादी 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ‘रेअर’ म्हणवून घ्यायला त्या जातीला जेमतेम एक पिढी मिळाली.

आता सध्या रोज कानावर पडणारा प्रयोग : ‘रेअर अर्थ’. मोबाइल, पवनचक्क्या, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारी यांत लागणारी सतरा मूलद्रव्यं. पंधरा लँथॅनाइड्स, शिवाय स्कँडियम आणि यट्रियम. बातम्यांत त्यांना ‘दुर्मिळ खनिजं’ म्हणतात. या भाषांतरात ‘दुर्मिळ’ही घसरतं आणि ‘खनिजं’ही.

गोष्ट सुरू होते ती स्वीडनमधल्या इटरबी गावी. 1787 मध्ये कार्ल आक्सेल अऱ्हेनियस नावाच्या सैन्यातल्या अधिकाऱ्याला तिथल्या खाणीत एक जडसा काळा दगड मिळाला. 1794 मध्ये रसायनशास्त्रज्ञ योहान गाडोलिन यांनी त्यातून एक नवीन ‘अर्थ’ वेगळी केली. त्या काळी ‘अर्थ’ म्हणजे पृथ्वी नव्हे आणि शेतातली मातीही नव्हे. पाण्यात न विरघळणाऱ्या, तापवूनही सहसा न बदलणाऱ्या पांढुरक्या भुकटीला रसायनशास्त्रज्ञ ‘अर्थ’ म्हणत. आजच्या भाषेत ती धातूंची ऑक्साइड्स. असल्या भुकट्या तेव्हा मोजक्या ठिकाणच्या अनोळखी दगडांतच सापडत होत्या, म्हणून रेअर. इटरबीच्या त्या खाणीने पुढे यट्रियम, इटर्बियम, टर्बियम आणि एर्बियम अशी चार मूलद्रव्यांना नावं दिली. एवढ्याशा गावाच्या नावाचे इतके तुकडे करून वापरल्याचं दुसरं उदाहरण आवर्त सारणीत नाही.

नाव पडलं ते पडलं. पुढे मोजमाप झालं तेव्हा कळलं की यातलं सेरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकं आहे. सर्वांत कमी असलेली थुलियम आणि ल्युटेशियमसुद्धा सोन्याच्या शंभर पटींहून जास्त आहेत. खरोखर नसल्यात जमा असं एकच, प्रोमेथियम, कारण त्याचा एकही स्थिर प्रकार नाही आणि तयार झालेलं पुन्हा नष्ट होत राहतं. मग अडचण कसली? अडचण अशी की सोनं जसं शिरेत गोळा झालेलं सापडतं तशी ही मूलद्रव्यं सहसा गोळा होत नाहीत. सगळीकडे थोडी थोडी, पातळ पसरलेली. आणि जिथे सापडतात तिथे एकमेकांत मिसळलेली. त्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे की एकाला दुसऱ्यापासून सोडवायला त्याच त्या प्रक्रिया शेकडो वेळा कराव्या लागतात. हे किचकट आणि प्रदूषण करणारं शुद्धीकरण आज मोठ्या प्रमाणात चीनमध्ये एकवटलं आहे. म्हणून एखादी निर्यातबंदी आली की जगभर ती ‘स्केअर्स’ होतात. तेव्हा मूलद्रव्यं विरळ, टंचाई मात्र ती सोडवणाऱ्या कारखान्यांची.

मराठीत जुन्या परिभाषेने याला ‘विरल मृत्तिका’ असा शब्द दिला होता. ‘मृत्तिका’ने थोडी मातीची दिशाभूल होते हे खरं, पण ‘विरल’ मात्र अचूक बसला आहे, इंग्रजीपेक्षाही अचूक. आपण तो सोडून ‘दुर्मिळ’कडे का वळलो, कोण जाणे.

आपल्याकडे उंबराचं फूल म्हणतात ते याच जातीचं. कधी नजरेला न पडणारा माणूस अचानक दारात उभा राहिला की त्याला आपण उंबराचं फूल म्हणतो. वास्तविक उंबराला फुलं येतातच, भरपूर येतात. ती फळाच्या आत असतात, फळ फोडल्याशिवाय दिसत नाहीत.

‘रेअर गॅसेस’चं दोन वाक्यांत उरकतं. हेलियम, निऑन, अरगॉन वगैरे राजवायूंना पूर्वी हे नाव होतं. अरगॉन कोरड्या हवेत 0.93 टक्के आहे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीस पटींहून अधिक, आणि हेलियम विश्वात हायड्रोजनखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर. नाव मागे पडलं ते बरंच झालं.

एका जागी मात्र ‘रेअर’ला आकड्यांनी पक्कं बांधून टाकलंय. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो बारीक अक्षरांचा कागद असतो, त्यात दुष्परिणामांसमोर ‘कॉमन’, ‘अनकॉमन’, ‘रेअर’ असं लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. प्रचलित पद्धतीप्रमाणे दहांत एक किंवा त्याहून जास्त जणांना होणारा त्रास ‘व्हेरी कॉमन’. शंभरात एक ते दहांत एक या दरम्यानचा ‘कॉमन’. हजारात एक ते शंभरात एक, ‘अनकॉमन’. दहा हजारांत एक ते हजारात एक, ‘रेअर’. त्याच्याही खाली ‘व्हेरी रेअर’. प्रत्येक पायरी दहापट. आपण बोलताना ‘क्वचित’ म्हणतो तेव्हा मनात बहुधा वीसात-पंचविसात एक असतो. त्या कागदावर तो ‘कॉमन’मध्ये मोडेल. भीती वाटायची ती ‘कॉमन’ वाचून, आणि आपण घाबरतो ‘रेअर’खालची भयंकर नावं वाचून.

तो जुना सुभाषितकार आठवतो. शंभरात एखादा शूर जन्मतो, हजारात एखादा पंडित, दहा हजारांत एखादा वक्ता, आणि दाता असेल किंवा नसेलही. औषधाच्या कागदावरच्या पायऱ्या आणि याच्या पायऱ्या तंतोतंत त्याच! त्या हिशेबाने शूर माणूस ‘अनकॉमन’च्या उंबरठ्यावर, पंडित ‘रेअर’च्या आणि वक्ता ‘व्हेरी रेअर’च्या. हल्लीच्या वक्त्यांची संख्या पाहता ती पायरी पुन्हा मोजायला हवी, पण ते असो.

‘रेअर डिसीज’ला मात्र जगभर एक आकडा नाही. अमेरिकेत देशभरात दोन लाखांहून कमी रुग्ण असलेला आजार रेअर धरतात, युरोपीय संघात दर दहा हजारांमागे पाचपेक्षा जास्त नसलेला, जपानमध्ये पन्नास हजारांहून कमी रुग्णांचा. हे आकडे निसर्गाने ठरवलेले नाहीत, कायद्याने ठरवलेत, आणि त्यामागे व्यवहार आहे. रुग्ण इतके थोडे की औषध शोधण्याचा खर्च कंपनीला परवडत नाही. मग सरकार सवलती देतं, आणि त्या कोणाला द्यायच्या हे ठरवायला रेघ ओढावी लागते. अमेरिकेचा 1983 चा कायदा अशा औषधांना ‘ऑर्फन ड्रग’ म्हणतो. ‘अनाथ औषध’ हे नाव वाईट वाटावं इतकं चपखल आहे. असे आजार सहा हजारांहून जास्त आहेत आणि सगळ्यांचे रुग्ण एकत्र मोजले तर जगात तीस कोटींच्या आसपास माणसं भरतात. एकेक आजार विरळ, पण आजारी माणसं अमाप. या आजारांसाठी 2008 पासून एक दिवस पाळतात. पहिला होता 29 फेब्रुवारी. तारीख निवडणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

कायद्यावरून आठवलं. ‘रेअरेस्ट ऑफ रेअर’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे फाशीच्या प्रत्येक बातमीत असतो. तो भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बच्चन सिंग खटल्यातल्या 1980 च्या निकालातून आला. मराठीत त्याचं ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ झालं आणि वाचणाऱ्याचा समज झाला की असा गुन्हा फार कमी वेळा घडत असला पाहिजे. निकालात मोजणी गुन्ह्यांच्या वारंवारतेची नाही. जन्मठेप हा नियम आणि मृत्युदंड हा अपवाद. जिथे दुसऱ्या शिक्षेचा पर्याय निर्विवादपणे संपलेला आहे अशाच प्रकरणी तो अपवाद करावा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे विरळ असायला हवी ती शिक्षा. ‘अपवादातला अपवाद’ असं भाषांतर कुणी केलं असतं तर अर्धा गोंधळ टळला असता, असं मला वाटतं. पण आता तो शब्द रुळला, आणि रुळलेल्या शब्दाशी भांडून काही होत नाही.

इथवर ‘रेअर’ संख्येत होता. पण ज्या गोष्टी थोड्या असतात त्या मौल्यवान वाटायला लागतात, आणि मग शब्दाला कौतुकाचा रंग चढतो. ‘रेअर टॅलेंट’ म्हणजे मोजून थोडी अशी प्रतिभा नव्हे, असामान्य प्रतिभा. ‘रेअर ब्यूटी’ म्हणजे अपूर्व सौंदर्य. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये नाटककार बेन जॉन्सन यांच्या कबरीवर चारच शब्द कोरले आहेत : ‘ओ रेअर बेन जॉन्सन’. 1637 मध्ये ते वारले. असं सांगतात की जॅक यंग नावाच्या एका गृहस्थाने गवंड्याला अठरा पेन्स देऊन ते शब्द खोदून घेतले. तिथे ‘रेअर’चं भाषांतर ‘दुर्मिळ’ केलं तर हसू येईल. ‘विरळा’ मात्र चपखल बसतो, कारण त्यात मोजणी आणि माया दोन्ही आहेत.

याच वळणाची एक लॅटिन फिरकी. रोमन कवी जुव्हेनल याने आदर्श पत्नीची थट्टा करताना तिला ‘रारा आविस’ म्हटलं, काळ्या हंसासारखा विरळा पक्षी. काळा हंस असूच शकत नाही, ही त्यातली मेख. इंग्रजी लेखनात ‘रारा आविस’ आजही वापरतात. पण 1697 मध्ये विलेम द फ्लामिंग या डच खलाशाच्या तुकडीला पश्चिम ऑस्ट्रेलियात काळे हंस दिसले. तिथे ते चांगले थव्यांनी होते. पुन्हा तोच प्रश्न : कशात?

थोडं असलं म्हणजे किंमत येते, हे मात्र पुरतं खरं नाही. जुन्या पुस्तकांच्या बाजारात ‘रेअर’ हा कसबी शब्द आहे आणि त्यात थोडेपणाइतकीच मागणीही धरलेली असते. शेक्सपियरच्या नाटकांची 1623 ची पहिली एकत्रित आवृत्ती घ्या. तिच्या दोनशेहून अधिक प्रती आजही शिल्लक आहेत, जुन्या पुस्तकांच्या मानाने ही चांगली घसघशीत संख्या, तरीही एकेक प्रत अफाट किमतीला जाते. उलट त्याच काळातली कितीतरी प्रवचनं आणि पत्रकं एकेकच प्रत उरलेली, आणि त्यांना कुणी विचारत नाही. तेव्हा या बाजारातल्या ‘रेअर’ला ‘दुर्मिळ’ म्हणायला माझी हरकत नाही. इथे तो पुढे केलेला हात खरोखर आहे.

पत्त्यांच्या संग्रहखेळांत आणि मोबाइलवरच्या गेममध्ये तर हा थोडेपणा ठरवून घडवलेला असतो. एका ठरावीक खुणेचा पत्ता ‘कॉमन’, दुसऱ्या खुणेचा ‘रेअर’, त्याच्यावर ‘एपिक’, ‘लेजंडरी’. छापणाऱ्याला दोन्ही छापायला तेवढीच शाई लागते. पोरं मात्र ‘रेअर’ हा शब्द आता याच अर्थाने शिकतात, आणि त्यांच्या बोलण्यात ‘रेअर आहे’ म्हणजे ‘भारी आहे’. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कबरीवरही अर्थ तोच होता.

वापरातली एक चूक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती खास आपली आहे. ‘तो सहसा चुकत नाही’ असं आपण म्हणतो. मराठीत ‘सहसा’ला पुढे ‘नाही’ लागतं. हेच वाक्य इंग्रजीत नेताना आपण ‘सहसा’च्या जागी ‘रेअरली’ ठेवतो, ‘नाही’ही जपून सोबत नेतो, आणि ‘ही रेअरली डझन्ट मेक मिस्टेक्स’ असं काहीतरी बाहेर पडतं. त्याचा अर्थ झाला, तो जवळजवळ प्रत्येक वेळी चुकतो! ‘रेअरली’च्या पोटात नकार आधीच भरलेला आहे. ‘ही रेअरली मेक्स मिस्टेक्स’ एवढंच पुरे. मराठीत ‘क्वचितच चुकतो’ म्हणताना आपण ‘नाही’ लावत नाही, तो साचा डोक्यात ठेवला की प्रश्न मिटला. हा पोटातला नकार इतका बळकट आहे की ‘रेअरली’ वाक्याच्या सुरुवातीला आलं तर पुढचा क्रमही उलटतो, ‘रेअरली हॅव आय सीन’, अगदी ‘नेव्हर हॅव आय सीन’सारखा. बोलण्यात तो प्रयोग जरा भाषणबाज वाटतो. लेखात एखाद्या वेळी शोभतो.

आणि विशेषणाचं म्हणाल तर ‘इट इज रेअर टू सी’ किंवा ‘इट इज रेअर फॉर हर टू बी लेट’ अशा वाक्यांना मराठीत विशेषण शोधूच नये. ‘ती उशिरा आली असं फारसं होत नाही.’ झालं.

राहता राहिला तो जेवणाच्या टेबलावरचा ‘रेअर’. बीफचं स्टेक मागवलं की विचारतात : रेअर, मीडियम की वेल डन? रेअर म्हणजे बाहेरून भाजलेलं आणि आत लालच राहिलेलं, मध्यभागी जेमतेम 50 अंश सेल्सिअसच्या आसपास गरम. ताटात जो लाल रस दिसतो तो रक्त नसतो. स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा तो रंग. बरेच जण असं समजतात की असं मांस फार कमी लोक खातात म्हणून त्याला रेअर म्हणत असतील. काही जण ‘कमी शिजवलेलं’मधल्या ‘कमी’शी त्याचा संबंध लावतात.

दोन्ही नाही. हा शब्दच निराळा. जुन्या इंग्रजीत ‘ह्रेर’ असा एक शब्द होता, हलकंसं शिजवलेलं या अर्थाचा, बहुधा हलवणे, ढवळणे या क्रियापदाच्या नात्यातला. तो लागायचा अंड्याला : ज्याचं बलक अजून हलतंय, घट्ट झालेलं नाही, असं अर्धवट उकडलेलं अंडं. मांसाला तो बराच नंतर लागला. दरम्यान त्याचा उच्चार आणि स्पेलिंग लॅटिनकडून आलेल्या ‘रेअर’शी येऊन मिळालं, आणि दोन अनोळखी शब्द एकाच नावाने राहू लागले. ‘रेअरिंग टू गो’ हा तिसरा. त्याचं नातं मागच्या पायांवर उभं राहणाऱ्या उतावळ्या घोड्याशी, आधीच्या दोघांशी काडीचाही संबंध नाही. अंड्याला आता इंग्रजीत ‘रेअर’ कुणी म्हणत नाही, ‘सॉफ्ट बॉइल्ड’ म्हणतात. शब्द अंड्यासाठी घडला आणि स्टेकपाशी जाऊन राहिला.